मापातले पाप

धान्याच्या बाजारात मापात पाप करणाऱ्या वाण्याला आपल्या समाजाने कधी क्षमा केली नाही. पायलीचा तळ आतून उचललेला असो वा पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला असो, ती लबाडी उघडकीस आली की गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नसे. परंतु धान्याच्या जागी माणसाची बुद्धी ठेवली आणि वाण्याच्या जागी विद्वान संशोधक किंवा एखाद्या कंपनीचा व्यवस्थापक उभा राहिला, की आपली ही चिकित्सक दृष्टी कोठे जाते कोण जाणे! आकडा छापील असला, त्यापुढे टक्क्याचे चिन्ह असले, आणि तो परदेशी नियतकालिकातून आलेला असला, म्हणजे माप कोणी तपासले हे विचारण्याचे भानच आपणांस राहत नाही. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात प्रोग्रॅमरचे कौशल्य आणि त्याचे इतरांशी असलेले सहकार्य ही दोन्ही मोजण्याचा जो उद्योग गेली जवळजवळ साठ वर्षे चालला आहे, त्याच्या मापांची तपासणी करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

विषय तांत्रिक म्हणून वाचकांनी पान उलटू नये. ज्या घरातील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई पुण्याच्या हिंजवडीत, बंगळुरात अथवा समुद्रापलीकडे ह्या व्यवसायात आहे, त्या घराची चूल ह्या मापांवर पेटत असते. वर्षअखेरीस ज्या आकड्यावरून पगारवाढ ठरते, आणि दिवस वाईट आले म्हणजे कोणाला घरी पाठवावयाचे हे ठरते, त्या आकड्याची वंशावळ पाहण्याचा अधिकार त्या घरांना नाही तर कोणास?

ह्या वंशावळीच्या मुळाशी एक वचन आहे. ते असे की, एक उत्तम प्रोग्रॅमर दहा सामान्य प्रोग्रॅमरांच्या तोडीचा असतो. कोणी दहा म्हणतो, कोणी वीस, आणि ज्याची जीभ अधिक सैल तो अठ्ठावीस म्हणतो. हा अठ्ठावीस आला कोठून? १९६८ साली हॅरल्ड सॅकमन, एरिक्सन आणि ग्रांट ह्या तीन अमेरिकन संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा मूळ प्रश्न माणसांविषयी नव्हताच. प्रोग्रॅमरने प्रत्यक्ष संगणकापुढे बसून त्याच्याशी संवाद करीत काम करावे, की काम लिहून द्यावे आणि निकाल मागाहून घ्यावा, ह्यांपैकी कोणती पद्धत सोयीची, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. बारा अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांनी दोन उदाहरणे दिली. त्यांपैकी बीजगणिताच्या उदाहरणात प्रोग्रॅममधील दोष शोधून काढण्यास एकाला १७० तास लागले आणि दुसऱ्याला ६. सत्तरावर शंभर भागिले सहा, म्हणजे सुमारे अठ्ठावीस! पद्धतींची तुलना मागे पडली आणि हा एक भागाकार जगभर गाजला.

आता हे माप उलटे करून त्याचा तळ पाहू. ह्या बारांपैकी निम्मे लोक ते उदाहरण एका पद्धतीने सोडवीत होते आणि निम्मे दुसऱ्या पद्धतीने. सर्वांची प्रोग्रॅम लिहिण्याची भाषाही एक नव्हती. कोणी सुलभ अशी उच्चस्तरीय भाषा वापरली, तर कोणी यंत्राच्या जवळची कष्टाची भाषा वापरली. एकाने घाट बैलगाडीने चढावा, दुसऱ्याने मोटारीने, आणि मग दोघांच्या पायांतील बळाचे गुणोत्तर काढावे, असा हा न्याय झाला! शिवाय सर्वांत मंद आणि सर्वांत जलद अशा दोनच माणसांवरून काढलेले गुणोत्तर हे कौशल्याचे माप नव्हेच. एखादा त्या आठवड्यात आजारी असला, किंवा एखाद्याची एकच चूक हाती लागता लागली नाही, तरी ते गुणोत्तर दुप्पट होते. जर्मनीतील लुट्झ प्रेखेल्ट ह्यांनी १९९९ साली ह्या आकड्याची रीतसर चिरफाड केली. इतर अनेक प्रयोगांतील कामाच्या वेळा एकत्र करून, आणि टोकाची दोन माणसे घेण्याऐवजी मंद गटाची जलद गटाशी तुलना करून, त्यांनी दाखविले की सामान्यतः दिसणारा फरक अवघ्या काही पटींचा असतो. अठ्ठावीस हा आकडा चुकीचाही आहे आणि दिशाभूल करणाराही आहे. हे प्रसिद्ध होऊन पाव शतक उलटले. तरीही नोकरभरतीच्या व्याख्यानांतून 'दहापट प्रोग्रॅमर' अद्याप मिरवतोच आहे. आम्ही असे म्हणत नाही की माणसामाणसांत फरक नसतो. तो असतो, आणि तो जाणवण्याइतका असतो. परंतु 'फरक असतो' हे सत्य आणि 'फरक अठ्ठावीसपट असतो' ही आख्यायिका ह्या दोहोंत जे अंतर आहे, त्यालाच शास्त्र म्हणतात.

दुसरे माप याहूनही बाळबोध आहे. प्रोग्रॅमच्या ओळी मोजावयाच्या! ज्याच्या ओळी अधिक, तो अधिक उद्योगी. पत्राचे मोल शब्दसंख्येवर ठरविले तर प्रत्येक गोष्ट तीन तीनदा सांगणारा कारकून शहाणा ठरेल, हे ज्यांना कळते त्यांनाही प्रोग्रॅमच्या बाबतीत ते कळत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा ह्यांनी १९८८ साली बजावले होते की, ओळी मोजावयाच्याच असतील तर त्या जमेच्या बाजूस न धरता खर्चाच्या बाजूस धराव्यात. कारण लिहिलेली प्रत्येक ओळ पुढे कोणास तरी वाचावी, समजून घ्यावी आणि सांभाळावी लागते. १९८२ साली ॲपल कंपनीत घडलेला एक प्रसंग ह्या व्यवसायात प्रसिद्धच आहे. आठवड्यात किती ओळी लिहिल्या ते प्रत्येकाने एका कागदावर भरून द्यावे, असा तेथे हुकूम निघाला. बिल ॲटकिन्सन ह्यांनी त्या आठवड्यात चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅमचा एक महत्त्वाचा भाग नव्याने रचून तो सुमारे सहापट वेगवान केला होता आणि तसे करताना दोन हजार ओळी वाचविल्या होत्या. त्यांनी कागदावर लिहिले, 'उणे दोन हजार.' पुढे काही आठवड्यांनी व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे तो कागद मागणेच सोडून दिले. परंतु मागणे सोडले ते त्यांच्याकडे. ज्याच्यापाशी ॲटकिन्सन ह्यांची प्रतिष्ठा नाही, त्या बिचाऱ्याने कागद भरावाच!

येथे पूर्वपक्ष उभा राहील आणि विचारील, 'मग काय, मोजूच नये? मोजमाप सोडले की वशिला येतो, जात येते, साहेबाची मर्जी येते. आकडा कितीही कोता असला तरी तो तोंड पाहून बोलत नाही.' हा आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ज्या समाजात परीक्षेच्या गुणांनी कित्येक गरीब घरांतील मुलांना वर येण्याची वाट करून दिली, त्या समाजाने मोजमापाला सरसकट शिव्या देणे हा कृतघ्नपणा होईल. आमचे भांडण मापाशी नाही. ते न तपासलेल्या आणि फुकटात मिळविलेल्या मापाशी आहे.

तपासलेले माप कसे असते ते पाहावयाचे असल्यास नॉर्वेकडे पाहावे. गुन्नार बर्गर्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रोग्रॅमिंगचे कौशल्य मोजण्याचे एक साधन सिद्ध करून प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी आठ देशांतील ६५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांना दोन दिवस बसवून जावा ह्या भाषेतील १९ उदाहरणे सोडवावयास लावली. प्रत्येक उदाहरणाची कठीणता आणि प्रत्येक माणसाची पात्रता ही एकाच पट्टीवर बसतात की नाही हे गणिताने पारखले, आणि १९ पैकी १२ उदाहरणेच साधनात ठेवली. पट्टीने वस्तू मोजण्यापूर्वी पट्टीच मोजून पाहावयाची, ही खरी शास्त्राची रीत! पण तिची किंमतही लक्षात घ्यावी. एका माणसाचे दोन दिवस, तेही एका भाषेपुरते, आणि तेही एकट्याने सोडवावयाच्या छोट्या उदाहरणांपुरते. एवढा खर्च करून जे हाती येते त्याचा अर्थही मर्यादितच असतो, आणि प्रामाणिक संशोधक तो मर्यादितच सांगतो. जो व्यवस्थापक अर्ध्या तासाच्या बैठकीत एका चौकटीत एक ते पाच यांपैकी आकडा लिहितो, त्याने ह्या शास्त्राचा आधार सांगू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. प्रोग्रॅम ही एकट्याने करावयाची वस्तू आहे काय? फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनी आयबीएम कंपनीत एका प्रचंड प्रणालीचे काम चालविले आणि त्या अनुभवावर १९७५ साली ग्रंथ लिहिला. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर त्या कामास आणखी उशीर होतो, हा त्यांचा सिद्धांत आज ह्या व्यवसायात म्हणीसारखा झाला आहे. कारण साधे आहे. पाच माणसांत परस्परांशी बोलण्याच्या जोड्या दहा होतात. दहा माणसांत पंचेचाळीस. वीस माणसांत एकशे नव्वद. नवी माणसे आली की त्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो तो निराळाच. गंमत अशी की, ह्याच ग्रंथात ब्रुक्स ह्यांनी सॅकमन प्रभृतींचा आधार देऊन दहापट फरकाची गोष्टही सांगितली आहे. लोकांनी ग्रंथातील दहापटीचा आकडा तेवढा उचलला आणि एकशे नव्वद जोड्या विसरून गेले. कारण आकडा एका माणसाच्या कपाळावर चिकटविता येतो, जोडी कोणाच्या कपाळावर चिकटवावी?

टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर ह्यांनी १९८४ ते १९८६ ह्या काळात प्रोग्रॅमरांच्या स्पर्धा घेतल्या. ९२ कंपन्यांतील सहाशेहून अधिक लोक त्यांत उतरले. प्रत्येक कंपनीतून दोघे दोघे येत; दोघेही एकच काम, आपापल्या नेहमीच्या जागी बसून, स्वतंत्रपणे करीत. माणसामाणसांत मोठे फरक दिसलेच. पण त्याहून विलक्षण गोष्ट अशी दिसली की, एकाच कंपनीतील दोघांच्या कामगिरीत सरासरी २१ टक्क्यांचाच फरक होता. ज्यांची कामगिरी सर्वांत सरस ठरली, त्यांच्या बसण्याच्या जागा अधिक प्रशस्त व अधिक शांत होत्या, आणि त्यांच्या कामात विनाकारण येणारे व्यत्ययही कमी होते. ह्यावरून शांत जागा माणसाला हुशार करते असे सिद्ध होत नाही. चांगली माणसे चांगल्या जागी गोळा होत असतील, हेही शक्य आहे, आणि हे लेखकांनी स्वतःच मान्य केले आहे. परंतु एवढे तर निश्चित, की माणसाच्या नावापुढे आपण जो आकडा लिहितो, त्यात त्याच्या खोलीच्या भिंती, शेजाऱ्याचा टेलिफोन आणि वरिष्ठाचा स्वभाव ही सारी मिसळलेली असतात. रोपट्याची उंची मोजताना जमीन विसरणारा माळी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. व्यवस्थापक मात्र पुष्कळ आहेत.

'बरे तर, सहकार्यही मोजू,' असे संशोधकांनी म्हटले, आणि ते योग्यच म्हटले. मार्टिन ह्योगल आणि हान्स गेओर्ग गेम्युन्डेन ह्यांनी २००१ साली जर्मनीतील १४५ सॉफ्टवेअर संघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परस्परसंवाद, कामांचा मेळ, प्रत्येकाच्या वाट्याचा समतोल, परस्परसाहाय्य, परिश्रम आणि एकजूट अशी सहकार्याची सहा अंगे त्यांनी ठरविली आणि प्रश्नावलीने ती मोजली. ज्या संघात ही अंगे सबळ, त्याचे काम सरस, असा निष्कर्ष निघाला. परंतु त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती प्रामाणिकपणे नोंदविल्याबद्दल लेखकांचे अभिनंदन केले पाहिजे. सहकार्य आणि यश ह्यांचा संबंध किती दृढ, हे यशाचा निवाडा कोण करतो त्यावर बदलत होते. २०१६ साली युंगवे लिंडस्योर्न आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतील अभ्यासात हीच कसोटी ७१ संघांना, २६ कंपन्यांतील ४७७ जणांना विचारून लावली. संघातील लोकांनी आणि त्यांच्या नायकांनी यश ठरविले, तेव्हा सहकार्याचा परिणाम दिसला. पण जो मनुष्य गिऱ्हाइकाच्या वतीने काम मागून घेतो, त्याने यश ठरविले तेव्हा तो परिणाम जवळजवळ नाहीसा झाला!

ह्याचा अर्थ काय करावयाचा? आपसात गोडीने वागणारे लोक 'आमचे काम छान झाले' असे म्हणतात. पण ज्याला ते काम वापरावयाचे आहे त्याला तसे वाटतेच असे नाही. अथवा असेही असेल, की बाहेरच्या मनुष्याला आतल्या कामाचे मर्म दिसतच नाही. कोणता अर्थ खरा हे प्रश्नावली सांगू शकत नाही. वरात कशी झाली हे वरपक्षाला विचारावे की वधूपक्षाला, ह्याचा निर्णय केल्यावाचून 'वरात शेकडा ऐंशी चांगली झाली' असे जाहीर करणे जितके शहाणपणाचे, तितकेच ह्या प्रश्नावलीच्या एकाच बाजूचा आकडा मिरविणे शहाणपणाचे होय.

माणसाने स्वतःविषयी दिलेली साक्ष किती भरवशाची असते, ह्याचा ताजा दाखला २०२५ सालचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने प्रोग्रॅम लिहिणे किती जलद होते हे पाहण्यासाठी 'मेटर' नावाच्या अमेरिकन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या नित्य परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही कामांत ते साह्य घेण्याची मुभा होती, काहींत नव्हती. आरंभी त्यांचा अंदाज होता की वेळ २४ टक्क्यांनी वाचेल. काम संपल्यावरही ते म्हणाले की सुमारे २० टक्क्यांनी वाचला. घड्याळ म्हणाले की १९ टक्के वेळ अधिक लागला! सोळाच माणसांच्या ह्या प्रयोगावरून त्या साधनांविषयी कायमचा निकाल देणे उतावीळपणाचे होईल, आणि ती साधने बदलतही आहेत. पण अनुभवी, प्रामाणिक आणि आपल्या कामात मुरलेल्या माणसांनाही आपण जलद गेलो की मंद हे कळले नाही, ही गोष्ट प्रश्नावलीवर विसंबणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आपल्या टेबलावर लिहून ठेवावी.

आता ह्या सर्व मापांची झळ कोणाला लागते ते पाहू. डॅन नॉर्थ ह्या इंग्रज सल्लागारांनी २०२३ साली आपल्या जुन्या संघातील एका सहकाऱ्याची हकीकत लिहिली. त्यांच्या संस्थेत प्रत्येकाच्या नावावर पुरी झालेली कामे मोजली जात. ह्या गृहस्थाच्या नावावर महिनोन्‌महिने शून्य! व्यवस्थापकाने त्यास काढून टाकण्यास सांगितले. चौकशी केली तेव्हा आढळले की तो स्वतःच्या नावावर कामच घेत नसे. दिवसभर तो एकेका सहकाऱ्याशेजारी बसे, त्याला प्रश्न विचारी, वाट दाखवी आणि प्रत्येकाचे काम अधिक चांगले करवून घेई. नॉर्थ ह्यांनी त्याला काढण्यास नकार दिला. दहीहंडीच्या तळच्या थरातील गड्यांचे खांदे सोलतात आणि लोणी वरच्या पोराच्या हाताला लागते. म्हणून हाताला लोणी नसलेल्या गड्यांना 'निकामी' ठरवून हाकलणारा गोविंदा आपल्या गल्लीत कोणी पाहिला आहे काय? जे गल्लीतील पोरांना कळते ते मापाच्या मोहाने मोठमोठ्या पदवीधरांना कळेनासे होते.

आणि हे पाप येथेच थांबत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट ह्यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखविले की, ज्या आकड्यावर नियंत्रणाचा भार टाकावा तो आकडा पूर्वीसारखा विश्वासू राहत नाही. हे येथेही तंतोतंत लागू पडते. ओळी मोजू लागलात की ओळी वाढतात. सापडलेले दोष मोजू लागलात की क्षुल्लक दोषांचे पीक येते. नावावरची कामे मोजू लागलात की शेजाऱ्याच्या मदतीस उठून जाणारा मनुष्य जागेवरच बसून राहतो. म्हणजे कौशल्य मोजण्यासाठी घेतलेले माप सहकार्यच मारून टाकते, आणि मग सहकार्य का कमी झाले हे शोधण्यासाठी नवी प्रश्नावली छापली जाते!

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत, आणि त्या भारी नाहीत. पहिली, जो कोणी प्रोग्रॅमरच्या कौशल्याचा आकडा पुढे करील त्याने त्याबरोबर हेही सांगावे की किती माणसांवरून, कोणत्या कामावरून आणि कोणत्या परिस्थितीत तो काढला. हे सांगता येत नसेल तर आकडाही सांगू नये. दुसरी, सहकार्याचा निवाडा करताना आतल्यांची साक्ष आणि बाहेरच्यांची साक्ष वेगवेगळी मांडावी. दोहोंची सरासरी काढून मतभेद झाकू नये, कारण पुष्कळदा त्या मतभेदातच शिकण्यासारखे असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, संशोधनासाठी केलेले माप पगाराच्या आणि हकालपट्टीच्या कामी वापरू नये. वैद्याने रोग समजावा म्हणून ताप मोजावा. ताप अधिक म्हणून रोग्याला दंड करू लागल्यास उद्या कोणीही खरा ताप सांगणार नाही, आणि वैद्यालाही रोग कळणार नाही.

ह्या बाबतीत आम्हां मध्यमवर्गीयांचे हातही अगदी स्वच्छ नाहीत. पोर शाळेतून घरी आले की काय शिकलास हे विचारण्यापूर्वी किती मिळाले हे विचारणारे आपणच. वर्गातील दुबळ्या सोबत्याला गणित समजावून देण्यात तुझा वेळ फुकट जातो, असेही त्याला आपणच सांगितले. तेच पोर पुढे मोठे होऊन काचेच्या इमारतीत बसते आणि शेजाऱ्याच्या अडचणीकडे न पाहता आपल्या नावावरची कामे मोजते, तेव्हा ते परदेशी व्यवस्थापनशास्त्राने बिघडविले असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत. पुढच्या वेळी तो आपला आकडा घेऊन घरी येईल, तेव्हा त्याने ह्या वर्षी कोणाला हात दिला आणि त्याला कोणी हात दिला, एवढे त्यास अवश्य विचारावे. ते उत्तर कोणत्याही चौकटीत बसणार नाही. पण त्याच्या कामाविषयी चौकटीतील आकड्यापेक्षा ते पुष्कळ अधिक सांगेल.